उलट्या पावलांची मस्टँग

आमच्या एडिसनमध्ये अस्सल स्थानिक म्हणावं असं फारसं कुणी भेटत नाही. ओक ट्री रोडवर उभं राहून खडा मारला तर तो नडियादच्या माणसाला लागेल, नाहीतर नाशिकच्या. माझ्या गॅरेजात उभी आहे ती मात्र पक्की इथली. १९६६ ची फोर्ड मस्टँग. तिच्या चॅसी नंबरात पहिला आकडा ६, म्हणजे साल, आणि त्यापुढे टी, म्हणजे मेटाचनचा कारखाना. नाव शेजारच्या मेटाचन गावाचं, पण कारखाना आमच्या एडिसनच्या हद्दीत, रूट वनवर. २००४ साली तो बंद झाला आणि आता तिथे दुकानं आहेत. न्यू जर्सीत परके आम्ही, ती नव्हे, आणि वागतेही त्याच तोऱ्यात.

गाडी घेतली पेन्सिल्व्हेनियातल्या एका गृहस्थाकडून. चावी हातात देताना तो सहज म्हणाला, "रिव्हर्समध्ये टाकायची, ब्रेक दाबून धरायचा आणि मग चावी फिरवायची. जुन्या गाड्यांचं असंच असतं." या एका वाक्यावर मी किंमत बरीच खाली आणली, आणि तोही फार ताणून न धरता उतरला.

जुन्या गाड्यांचं असं मुळीच नसतं. उलट ऑटोमॅटिक गाडी रिव्हर्समध्ये सुरूच होऊ नये यासाठी फोर्डने तिच्यात एक डबी बसवलेली असते. न्यूट्रल सेफ्टी स्विच. चावीकडून सेल्फच्या सोलेनॉईडकडे जाणारी बारीक वायर मध्येच तोडून तिथे हा द्वारपाल बसवतात. गिअरचा दांडा पार्कमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच तो करंट पुढे सोडतो, नाहीतर चावी पिळत बसा. इंजिन कुठल्या तरी गिअरमध्ये पेटलं तर क्लच नसलेली गाडी त्याच क्षणी निघते, मग समोर रस्ता असो की भिंत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगसाहेबांचा विजेवरचा सेल्फ आला आणि हँडल मारताना मनगट मोडून घेण्यातून माणूस सुटला. पण चावीच्या एका पिळात शेजाऱ्याच्या कुंपणात शिरण्याची सोय पुढे ऑटोमॅटिक गिअरने केली. अमेरिकन सरकारने या स्विचची सक्ती केली १ जानेवारी १९६८ पासून. फोर्डने त्याची वाट पाहिली नव्हती. गिऱ्हाईक काय करू शकतं हे कारखान्याला सरकारच्या आधी कळतं.

याच डबीत आणखी दोन टोकं असतात, मागच्या पांढऱ्या दिव्यांसाठी. दांडा रिव्हर्सला आला की ती जुळतात. म्हणजे एकूण चार वायरी, दोन सेल्फच्या आणि दोन दिव्यांच्या.

या उन्हाळ्यात माझे सासरे, अण्णा, आणि सासूबाई इचलकरंजीहून सहा महिन्यांसाठी आले. अण्णांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलेलं. इथल्या आमच्या नव्या गाडीचं बॉनेट उघडून त्यांनी प्लॅस्टिकचं झाकण पाहिलं आणि काहीही न बोलता बॉनेट मिटलं. मस्टँगचं उघडलं तेव्हा मात्र ते पहिल्यांदा अमेरिकेत आल्यासारखे दिसले. इंजिन दिसत होतं, हात जात होता, आणि मुख्य म्हणजे घाण होती.

मग ते आत जाऊन बसले. "जावईबापू, पी, आर, एन कळलं. पुढे डी पाहिजे ना? हे ठिपके कुणाच्या कपाळाचे?"

प्रश्न रास्त होता. १९६६ पर्यंत फोर्डच्या या गिअरवर डी नसायचा. एक मोठा हिरवा ठिपका नेहमीच्या चालवण्यासाठी आणि एक बारीक ठिपका निसरड्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये निघण्यासाठी. पुढच्या वर्षी फोर्डने ठिपके काढले. लोकांना कळत नव्हते असं म्हणणं कंपनीला अर्थातच शोभलं नसतं.

गाडी रिव्हर्समध्येच सुरू होते हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उलट्या पावलांची दिसते. अमावास्येला काढू नका." अण्णांनी मात्र लगेच निदान केलं. बॅटरीशेजारच्या सोलेनॉईडच्या बारीक टोकावर स्क्रूड्रायव्हरने बॅटरीचा करंट दिला. सेल्फ घर्रर्र करून फिरला. "बॅटरी झकास, सोलेनॉईड झकास, सेल्फ झकास. हा मधला स्विचच नाटकं करतोय. डायरेक्ट करून टाका."

वायरिंगच्या जगात 'डायरेक्ट करणं' हा सगळ्या आजारांवरचा काढा आहे. फ्यूज उडतो? डायरेक्ट करा. पंखा थर्मोस्टॅटचं ऐकत नाही? डायरेक्ट करा. सेल्फच्या दोन वायरींना गाठ मारली की गाडी कुठल्याही गिअरमध्ये सुरू होणार. अण्णांच्या मते हा फायदा होता. जीप फाटकात बंद पडली की पहिला गिअर टाकून नुसत्या सेल्फवर रुळांबाहेर काढायची, ही त्यांच्या पिढीची विद्या. पण आमच्या गॅरेजच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. बायकोने आतूनच सांगितलं, "खुशाल डायरेक्ट करा. फक्त आधी फ्रिज हलवा."

तेव्हा रीतसर तपासणी ठरली. टेस्ट लॅम्पची चिमटी बॉडीला, टोक सोलेनॉईडवर, आणि मी आत चावी पिळत. पार्क, अंधार. न्यूट्रल, अंधार. रिव्हर्सला लॅम्प लख्ख. सगळ्या घरावर अविश्वास दाखवणारा स्विच नेमका चोराला कडी काढून देत होता. अण्णा म्हणाले, आतला दांडा झिजला. मी म्हणालो, स्विच भलत्याच जागी बसवलाय. आम्ही दोघेही आपापल्या मतावर सुखी होतो.

इतक्यात समोरचे गुजराती काका आले. हे गृहस्थ इतके सभ्य की माझ्या ड्राइव्हवेत पांढरे दिवे दिसले की आपली गाडी रस्त्यावर थांबवून मला बाहेर पडायला वाट देतात. ते हिंदीत, अत्यंत नम्रपणे म्हणाले, "भाईसाब, बुरा मत मानना. आप जब बत्ती जलाते हो तब आते नहीं. और जब आते हो तब बत्ती नहीं जलाते. मैं रोज खड़ा रहता हूँ."

अण्णा थबकले. मग त्यांनी काकांचा हात हातात घेऊन असा हलवला की काका घाबरले. गाडी पार्कमध्ये गरम होत असते तेव्हा पांढरे दिवे, आणि रिव्हर्सला दिवे गुल. जिथे सेल्फ लागायला हवा तिथे दिवा लागतोय, जिथे दिवा हवा तिथे सेल्फ. स्विच बिचारा निर्दोष होता. कुण्या महाभागाने मूळ प्लग कापून चारही वायरी हाताने पिळून जोडल्या होत्या, आणि जोड्यांची अदलाबदल केली होती. खाली शिरून पाहिलं तर लाल रंगावर निळी रेघ असलेली फोर्डची सेल्फची वायर वीतभर येऊन संपलेली, आणि पुढे चारही तुकडे एकाच काळ्या वायरीचे, वर टेपचे वेढे. पेन्सिल्व्हेनियाचा गृहस्थ किमतीत इतक्या चटकन का उतरला तेही दिसलं.

पुढचं काम सोपं, म्हणजे कंटाळवाणं. बॅटरीची निगेटिव्ह काढली. दांडा पार्कमध्ये ठेवून स्विचच्या कुठल्या दोन टोकांत मीटर वाजतो ते पाहिलं, मग रिव्हर्समध्ये. जोड्या ओळखल्या, चिठ्ठ्या लावल्या, नवा प्लग घातला. स्विच मात्र हात लागून थोडा हलला होता. तो पुन्हा बसवताना न्यूट्रलमध्ये त्याच्या भोकातून ४३ नंबरच्या ड्रिलचा दांडा आरपार जाईल असा फिरवायचा, असं फोर्डचं पुस्तक सांगतं. ४३ नंबर म्हणजे साधारण सव्वादोन मिलिमीटर. माझ्याकडे नव्हता. सासूबाईंकडे होता. तेरा नंबरची विणायची सुई नेमकी तेवढीच भरते. तिच्यावर नातवाच्या स्वेटरची बाही चढलेली होती. ती उतरवून सुई देताना त्या जे बोलल्या त्यातलं "गाडी" एवढंच छापण्यासारखं आहे.

आता मस्टँग पार्कला सुरू होते, न्यूट्रलला सुरू होते, आणि रिव्हर्समध्ये चावी कितीही पिळली तरी हूं की चूं करत नाही. अण्णा दिवसातून एकदा जाऊन तिला हिरव्या ठिपक्यावर सुरू करायचा प्रयत्न करतात आणि ती झाली नाही की खूश होऊन परततात.

अडचण उरली ती काकांची. पांढरे दिवे म्हणजे गाडी जागची हलत नाही, हे त्यांनी माझ्याकडूनच शिकून घेतलंय. परवा मी दिवे लावून, अगदी कायद्याने, मागे येत होतो, आणि काका हात हलवत, हसत, माझ्या बंपरला घासून सरळ पुढे निघून गेले. तेव्हापासून मी रिव्हर्स घेताना अण्णांना रस्त्यावर उभं करतो. ते एसटीच्या आवाजात "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतात. काका मात्र ते आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून येतात.