शेठ, तुमचा शब्द खरा ठरला

रा. रा. शेठ यांसी,



जुन्या गाड्या विकणारा माणूस खोटं बोलतो, असा आपल्याकडे एक समज आहे. तुमच्या बाबतीत तो किती अन्यायाचा आहे हे चारचौघांना कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. दुकानाचं नाव मात्र देत नाही. उगाच गर्दी व्हायची.

व्याडेश्वर आमचं कुलदैवत. आई, आत्या, भाऊ-वहिनी आणि पोराबाळांसह पुण्याहून गुहागरला जायचं ठरलं आणि त्यासाठी तुमच्याकडची पांढरी व्हॅन घेतली. सरकत्या दारांची, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली, हिंदी सिनेमावाल्यांनी अपहरणासाठी राखून ठेवलेली ती. सिनेमात ती पोलिसांच्या हाती लागत नाही. आमच्या वेळी तिला हायवेवर ट्रॅक्टर हॉर्न देऊन मागे टाकत होते.

"मीटर बघा, त्रेचाळीस हजार. मीटरला हात लावलेला नाही," असं तुम्ही म्हणाला होता. नव्हताच लावला. जुन्या गाडीचं मीटर पाच आकडी असतं. ९९,९९९ झाले की ते पुन्हा शून्यापासून संसार मांडतं. आकडा तुम्ही बरोबरच सांगितलात, फक्त हातचा एक सांगायचा राहिला. तो लाखाचा होता. दोन लाखांचाही असेल. मेलेल्या माणसाचं वय आणि अशा गाडीचं मीटर यांवर फार वाद घालू नये.

"डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड," हेही तुमचंच वाक्य. याचा पुरावा खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मिळाला. काचेवर फास्टॅग चिकटवलेला होता, दांडा आपोआप वर गेला आणि 'बघा, शेठनी टोलसुद्धा भरून ठेवलाय' असं वहिनी कौतुकाने म्हणाल्या. शिरवळ यायच्या आत मला फोन आला. पलीकडे डॉक्टर. टोलचे पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते, त्यांनी तुम्हाला फोन केला होता आणि तुम्ही तत्परतेने त्यांना माझा नंबर दिला होता. (गाडी घेतल्यानंतर तुम्ही आमच्यासाठी केलेली ही एकमेव गोष्ट, म्हणून नोंद करतो.) मला वाटलं, डॉक्टर पैशांबद्दल बोलतील. त्यांनी आधी विचारलं, "म्हणजे अजून चालते ती?"

मग खुलासा झाला. डॉक्टर गुरांचे. गावोगाव फिरून गाईम्हशी तपासणारे, आता निवृत्त. मागची सीट काढून वासरंसुद्धा नेली आहेत म्हणाले. गाडीत एक वास होता, त्याला तुम्ही 'नव्या सीट कव्हरचा' म्हणाला होता. कव्हर नवंच होतं, त्यात वाद नाही. फोन ठेवताना डॉक्टरांनी एक इलाज सांगितला: "चढ लागला की एसी बंद करा आणि हिटर पूर्ण सोडा. इंजिनची उष्णता आत येते, पण गाडी तग धरते." शेठ, दुकानात तुम्ही म्हणाला होता, "एसी असा चिल्ड आहे की तुम्हाला बंद करावा लागेल." भर मे महिन्यात, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी, आम्ही तो बंद केला.

इथे थोडं कायद्याचं बोलतो, कारण गाडी बंद पडली की माणसाला वाचायला वेळ मिळतो. गाडी हस्तांतर झाल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असं १९८८चा मोटार वाहन कायदा म्हणतो. डॉक्टरांनी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी तुमच्या ताब्यात दिली होती. त्या सह्या तुम्ही ड्रॉवरमध्ये इतक्या जपून ठेवल्यात की आरटीओच्या दृष्टीला पडल्याच नाहीत. गाडी हातोहात कितीही जणांकडे फिरली, तरी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या एका खटल्यात सांगून ठेवलं आहे. म्हणजे खंबाटकीत आमच्या हातून कुणाला धक्का लागला असता, तर भरपाईला उभं राहायला लागलं असतं निवृत्त डॉक्टरांना, जे त्या वेळी घरी आंबे खात होते. हा घोळ मिटावा म्हणून १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले: जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आली की तसं कळवायचं, तेव्हापासून तिचा मानीव मालक तो, आणि गाडी बाहेर काढली की तिच्या प्रत्येक फेरीची नोंदवहीही ठेवायची. तुमच्या भिंतीवर मला लक्ष्मी, बालाजी आणि एका टायर कंपनीचं कॅलेंडर दिसलं. प्रमाणपत्र बहुधा कॅलेंडरच्या मागे असेल.

असो. खंबाटकी.

ही वाट तुमच्या परिचयाची असेलच. साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांना बोगदा आणि पुण्याहून जाणाऱ्यांना घाट, अशी तिथली जुनी वाटणी होती. व्हॅनची पसंती बोगद्याला होती, पण तो उलट दिशेचा. "हिने घाट कधी पाहिलेला नाही," असं तुम्ही अभिमानाने सांगितलं होतं. घाट दिसल्याबरोबर ती ज्या रीतीने थबकली त्यावरून पटलं. हिटर सोडलेला, काचा उघड्या, सगळे घामाने निथळत आणि काटा तरीही तांबड्यात. मग सीटखालून वाफ आली. माझ्याच सीटखालून. इंजिन बघायचं तर चालकाला आधी उठावं लागतं, ही या गाडीची रचना मला तेव्हा फार सभ्य वाटली.

"ही गाडी तुम्हाला रस्त्यात कधी उभं करणार नाही." शेठ, हे वाक्य तर सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावं. तिने आम्हाला उभं केलंच नाही. कठड्यावर बसवलं. दुपारचे ट्रक अंगावरून जात होते, आई जपमाळ ओढत होती आणि अर्थशास्त्र शिकणारा माझा पुतण्या आम्हाला जॉर्ज अ‍ॅकरलॉफ समजावून सांगत होता. या अमेरिकन गृहस्थांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. सांगणं असं की, गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतभीत मधली किंमत देतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायलाच काढत नाही. मग बाजारात राहतात त्या कोणत्या? पुतण्याने वाफेकडे बोट दाखवलं. हा निबंध आधी क्षुल्लक म्हणून नाकारलाही गेला होता, आणि पुढे २००१ मध्ये अ‍ॅकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तिघांच्या वाटणीत. चौथा वाटा तुमचा निघतो की नाही, ते स्टॉकहोमला विचारावं लागेल.

इंजिन निवल्यावर बाटल्यांतलं प्यायचं पाणी तिला पाजलं आणि थांबत थांबत उंब्रजला पोचलो. तिथले मिस्त्री शांत माणूस. त्यांनी खालचा नळ सोडला तर पिवळंजर्द पाणी आलं. आम्हाला वाटलं गंज. मिस्त्रींनी बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, "हळद आहे."

रेडिएटर बारीक गळत असला की त्यात हळद टाकतात, ती भोकांत जाऊन बसते आणि गळती थांबते. तेवढ्यापुरती. गिऱ्हाईक चौकात एक फेरी मारून परत येईपर्यंत पुरते. पुढे तीच हळद नळ्यांमध्ये गाळासारखी साचते, पाणी फिरत नाही आणि चढावर, जिथे इंजिनला ताण जास्त आणि वारा कमी, तिथे ते उकळतं. झाकणाचं रबरही कुजलेलं होतं. ते झाकण दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभर अंशांच्या बरंच वर गेलं तरी उकळत नाही. आमच्या झाकणाने दाब धरायचं केव्हाच सोडलं होतं. थर्मोस्टॅट तर जागेवर नव्हताच. "हिला थर्मोस्टॅटचा काही त्रास नाही," हे तुमचं वाक्य मला तिथे आठवलं आणि खरं सांगतो, मी मनातून हात जोडले.

आत्या एवढा वेळ स्टुलावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "हळद लावून उजवली की रे तुझ्या गळ्यात. मुलगी बघायला गेलास तेव्हा उन्हात उभी केली नाहीस होय?"

मिस्त्रींनी रेडिएटर धुऊन दिला, झाकण बदललं आणि पैसे घेताना मान हलवली. आम्हाला वाटलं, गेलं संकट. पाटण गेलं, कोयनानगर आलं. हेळवाकला चहाला थांबलो आणि चहा होईपर्यंत शेजारच्या गॅरेजवाल्याने मागचं चाक बघून विचारलं, "खाली जाताय? ब्रेक किती पंपात लागतो?" मी म्हटलं, तीन. त्याने चहावाल्याला आणखी चहा सांगितला, म्हणजे मुक्काम लांबणार हे आम्ही समजलो. चाकाच्या सिलिंडरमधून तेल झिरपत होतं, लायनर पत्र्याला टेकलेले. "ब्रेकला हात लावावा लागणार नाही," असं तुम्ही म्हणाला होता, आणि खरोखर, सगळं काम पायालाच करावं लागत होतं.

आमच्या बाजूने कुंभार्ली घाटात चढ नाही, सगळा उतार आहे. देशाचा कडा एकदम कोकणात कोसळतो. कोयनेचं पाणी इथूनच बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला जाऊन मिळतं. पाण्याला ब्रेक लागत नाहीत. आम्हाला लागतात, असं गॅरेजवाल्याचं मत पडलं आणि आईने त्याला दुजोरा दिला.

तेवढ्यात चिपळूणची एसटी आली.

तिचीही कंडिशन पाहिली मी. काच खडखडत होती, सीटच्या पाठीवर कुणी आपलं प्रेम कोरून ठेवलं होतं, आणि 'शोरूम पीस' असं कंडक्टर एकदाही म्हणाला नाही. आई पंचाहत्तरीच्या पुढची, तिचं तिकीट माफ. आत्या, वहिनी आणि माझी बायको यांना अर्धं. चालकाने खालचा गिअर टाकला आणि वळणावळणावर हॉर्न देत आम्हाला खाली नेलं. सगळ्यांच्या तिकिटांचे मिळून जे पैसे झाले, ते उंब्रजला नुसत्या झाकणाला गेले त्यापेक्षा कमी होते. दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. आरतीला उशीर झाला, पण देव आमच्यापेक्षा जुना आहे, त्याला वाट पाहायची सवय असावी.

आता कामाचं. व्हॅन अजून हेळवाकला गॅरेजच्या मागे उभी आहे. डॉक्टरांच्या सह्यांचे ते फॉर्म ड्रॉवरमधून काढून पाठवावेत. डॉक्टरांचे टोलचे पैसे मी दिले. त्यांनी ते घेतले आणि गाडीची प्रकृती विचारली. तुम्हाला त्यांनी नमस्कार सांगितलेला नाही.

गाडीला गिऱ्हाईक आलं आहे. गॅरेजवाल्याच्या ओळखीतल्या एकांना ती कोंबड्यांसाठी हवी आहे. चाकं काढून परड्यात ठेवणार म्हणतात. अशा वेळी नोंदणी रद्द करून घ्यावी लागते, तीही नोंदणीतल्या मालकाच्या नावाने, म्हणजे पुन्हा गुरांच्या डॉक्टरांनाच सही करावी लागणार. त्यांना ऐकून आनंद झाला. गिऱ्हाइकाची एकच अट आहे, आधी इंजिन काढून द्या. पिल्लांना ऊब लागते हे खरं, पण एवढी नको, असं ते म्हणतात.

कळावे,

आपला नम्र,
सिंगल हँड नंबर दोन