काकू फारुखनगरला गेल्या म्हणे!

अहो वहिनी, कळलं का? कोपऱ्यावरच्या नागपूरकर काकूंनी घर भाड्याने दिलं आणि चक्क गुरुग्रामपलीकडच्या फारुखनगरकडे राहायला गेल्या! नाही हो, भांडण नाही, हौस! मी जाऊन आले ना परवा. दारासमोर मोहरीचं शेत, पिवळंधमक. काका पहाटेच गळ्यात दुर्बीण अडकवून सुलतानपूरच्या तळ्यावर, चित्रबलाक बघायला. मलाही सगळा इतिहास ऐकवला. पीटर जॅक्सन नावाच्या पत्रकाराने थेट इंदिरा गांधींना पत्र लिहिलं म्हणे, मग तिथं अभयारण्य झालं, १९९१ला राष्ट्रीय उद्यान. चहा गार झाला माझा!

काकूंचं दुखणं वेगळंच. बोअरचं पाणी खारट. पूर्वी त्या भागात खाऱ्या विहिरींच्या पाण्याचं मीठच काढायचे, आता बोला! शिट्ट्यांवर शिट्ट्या करा, तूरडाळ टणक ती टणकच. वरणापुरता पाण्याचा जार विकत आणतात.

हवा? हवेचं नाव काढू नका. दिवाळीनंतरचा धूर तिथंही तसाच. आणि प्रदूषण वाढून ग्रॅपची बंधनं लागली की सगळ्या एनसीआरलाच लागतात.

पण एक सांगू? रमल्यात हो. शेजारची ताई गव्हातलं चाकवत उपटून पदरात घेऊन आली, मी तिथंच होते. ती त्याचा रायता करते. काकूंनी ताकातलं चाकवत केलं, वरून लसणाची फोडणी, आणि वाटीभर तिच्याकडे पाठवलं. इथं आपल्या समोरच्या घरात कोण राहतं, ठाऊक आहे का तुम्हाला?

आणि त्या ताईचा नवरा रात्री बॅटरी घेऊन शेतात बसतो, नीलगायी मोहरी तुडवतात म्हणून. सगळ्यांना शेताशेजारी राहायचंय हो, शेत कोणाला करायचंय? पलीकडच्या शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेतसुद्धा. उद्या काकूंच्या खिडकीतून मोहरी नाही, कुणाची तरी पाण्याची टाकी दिसणार!

घेतंय कोण, असं विचारताय? अहो, आपल्यासारखेच. बरं, काकू म्हणाल्या, तुमचे हे गेल्या रविवारी तिथल्या डीलरकडे प्लॉटचा गजामागचा भाव विचारत होते. खरं का हो वहिनी? मला मेलीला पत्ताच नाही!