माझ्याकडे आहे!

लग्नाच्या पंगतीत, सहलीच्या बसमध्ये किंवा कोजागिरीला गच्चीवर कुणी एखादं जुनं गाणं गुणगुणायला लागलं, की बाकीची माणसं माना डोलावतात, एखादी मावशी पुढची ओळ जोडते. नाना गाणाऱ्याला मुखडा पुरा करू देतात (तेवढी सभ्यता त्यांच्यात आहे) आणि मग म्हणतात, "माझ्याकडे आहे." संपलं. गाणं कसं आहे, चाल कुणाची, याविषयी चकार शब्द नाही. थोडं थांबून फक्त एवढंच, "दोन व्हर्जन आहेत."

असे नाना प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. आमचे डोंबिवलीचे आहेत. या मंडळींचं तारुण्य कॅसेटच्या दुकानात गेलेलं असतं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, दुकानदारानं "साठची की नव्वदची?" विचारलं की ठामपणे "साठची" म्हणायचं, कारण नव्वदची टेप पातळ असते आणि नेमक्या अंतऱ्याला अडकते. पुढे सीडी आल्या. पुण्याला गेलं की कर्वे रस्त्यावर अलूरकरांकडे आणि फोर्टात काम निघालं की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये हजेरी ठरलेली. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा नानांनी ऑफिसात अर्धी रजा टाकली होती. कारण 'घरगुती'. मधे एमपीथ्रीचा जमाना येऊन गेला. मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे एका सीडीत बारा तास गाणी! त्या काळातली गाणी नानांकडे कुठून आली, हे ते सांगत नाहीत आणि आपणही विचारू नये.

इतका कसलेला माणूस ॲपच्या नादी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण लागला. मुलीनं फोनमध्ये घालून दिलं, पहिले काही महिने फुकट होते, आणि महिन्याला एका कॅसेटच्या पैशांत जगातली सगळी गाणी म्हटल्यावर नानांचा तोल गेला. ते रोज रात्री जेवण झालं की 'डाउनलोड'चं बटण दाबत बसायचे. ऐकायचे नाहीत. खाली बाण, गोल चक्र, हिरवी खूण. हिरवी खूण उमटली की पुढचं. वहिनी म्हणाल्या, "जप तरी करा तेवढ्या वेळात." नाना म्हणाले, "हाच."

मग ॲपनं दर वाढवले. वाढ फार नव्हती, पण नानांना 'न विचारता' हा शब्द लागला. त्यांनी बाणेदारपणे वर्गणी बंद केली. हिशेब सरळ होता: पाहिजे ते सगळं उतरवून झालंय, आता यांची गरज काय? मुदत संपली त्या दिवशी सकाळी फोन उघडला तर सगळ्या यादीवर राखाडी रंग. गाण्याची नावं दिसतायत, दाबली तर वाजत नाहीत.

"पैसे भरून घेतलीत मी!" नाना गरजले.

"बाबा, घेतली नव्हतीत," मुलगी म्हणाली. "लीव्ह अँड लायसन्सवर होती."

याहून चपखल दाखला नानांना देता आला नसता. कल्याणचा फ्लॅट ते स्वतः अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर देतात. करार संपला की भाडेकरूला गॅलरीतल्या कुंड्यांसकट बाहेर काढतात, आणि आज ते स्वतः जिन्यात उभे होते. मुलीनं पुढचंही समजावलं. उतरवलेलं गाणं फोनमध्येच असतं, पण कुलूप घातलेलं. किल्ली कंपनीकडे. भाडं चालू आहे ना, हे बघायला ॲप अधूनमधून आपल्या मालकाला विचारून येतं. म्हणून तर महिन्याभरात एकदा तरी फोन इंटरनेटला जोडा असं सांगतात.

नानांचा कुलपांवर विश्वास नाही. ते फोनच्या पोटात शिरले. तिथे एका फोल्डरमध्ये आठ-नऊ जीबी माल खरोखरच सापडला. मात्र फायलींची नावं म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. नानांनी त्यातल्या एकीचं नाव बदलून शेवटी स्वतःच्या हातानं डॉट एमपीथ्री जोडलं आणि ती व्हीएलसीत टाकली. हाती येईल ते वाजवणाऱ्या व्हीएलसीनंही हात टेकले. बारसं केलं म्हणून पोर बोलायला लागत नाही, असं वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. वहिनींना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण त्या बोलतात ते बहुधा बरोबर निघतं.

एक गोष्ट कंपनीनं उदार मनानं दिली: यादी. तुमच्या खात्यातली माहिती मागवा म्हणाले, नानांनी मागवली. काही दिवसांनी आली. कोणती गाणी जमवली, कधी जमवली, सगळं. गाणं सोडून सगळं. नानांनी ती छापून घेतली, स्पायरल बाइंडिंग केलं, वर लेबल चिकटवलं, 'येणे बाकी'.

वसुली तिथून सुरू झाली. पहिल्या झडतीत कळलं, की काही गाणी सहीसलामत आहेत. आयट्यून्सचं दुकान भारतात २०१२ च्या डिसेंबरात उघडलं, तेव्हा हौसेनं थोडी विकत घेतलेली होती. त्या दुकानातल्या गाण्यांची कुलपं २००९ मध्येच निघाली होती, त्यामुळे ती जुन्या लॅपटॉपवर तशीच पडून होती आणि वाजतही होती. सीडी होत्या, त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. विकत घेतलेलं राहतं, भाड्याचं जातं, इतकं साधं गणित; पण नाना ते आम्हाला जिन्यात गाठून असं सांगायचे, की जणू तो शोध त्यांचाच. एरवीही त्यांना पुरावे मिळतच होते. २०२० मध्ये गूगल प्ले म्युझिक गेलं, २०२४ मध्ये रेसो आणि विंक गेले. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचं करारावर फिसकटलं आणि कितीतरी हिंदी गाणी त्या ॲपवरून उठली. अशी प्रत्येक बातमी नानांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. खाली हात जोडलेले.

मग माळ्यावरून कॅसेटींची ट्रंक उतरली. टेपरेकॉर्डरच्या कानातून वायर काढून कॉम्प्युटरच्या कानात घालायची आणि ऑडॅसिटी चालू करायचं, ही कृती सोपी आहे. अडचण एकच: तासाच्या कॅसेटीला तासच लागतो. त्या तासात घरात कुणी बोलायचं नाही, असं फर्मान निघालं. आवाज वायरीतून जातोय, हवेतून नाही, हे मुलीनं पटवून पाहिलं; पण नानांना चटणीचा मिक्सर रेकॉर्डिंगमध्ये ऐकू यायचा. त्या पावसाळ्यात त्या घरानं फार भाकऱ्या खाल्ल्या आणि सगळ्या दाण्याच्या कोरड्या चटणीबरोबर.

काही कॅसेटी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या होत्या. त्यांत खोलीतलं सगळंच आलंय. एका ठुमरीत मधेच कुकरची शिट्टी आहे, ती बरोबर समेवर पडते. नाना म्हणतात, योगायोग नाही, आईला तालाचं अंग होतं.

गाणी जमली की ती लावायची. हे खरं काम, आणि नानांचं खरं सुखही यात आहे. कॉम्प्युटर नावं पहिल्या अक्षरानं लावतो आणि आपल्याकडे मोठा माणूस पदवीशिवाय बाहेर पडत नाही. त्यामुळे भीमसेन, जसराज, वसंतराव, कुमार सगळे 'पंडित' म्हणून इंग्रजी पीमध्ये दाटीवाटीनं बसलेले. यूमध्ये उस्ताद, व्हीमध्ये विदुषी. किशोरीताई गानसरस्वती म्हणून जीमध्ये एकट्याच. बरं, कुणी 'पंडित' लिहितं, कुणी नुसतं 'पं', कुणी काहीच नाही. म्हणजे एकच भीमसेन तीन घरांत राहणार. नानांनी निश्चय करून पदव्या काढायला घेतल्या. मी एकदा शेजारी बसून पाहिलं. बॅकस्पेसवर उजव्या हाताचं बोट, डावा हात कानाच्या पाळीला. प्रत्येक पंडिताला एकदा. दुपारी चार वाजता सुरुवात केली, सातला वहिनींनी दिवा लावला तेव्हा कान लालभडक झाला होता आणि माणूस 'एस'पर्यंत पोचला होता.

फोल्डरांची नावं हा वेगळाच विषय. 'नाट्यसंगीत', 'नाट्यसंगीत नक्की', 'नाट्यसंगीत (जुने ठेवणे)', 'बघणे', 'हे बघणे', 'उडवू नये'. 'उडवू नये'मध्ये काय आहे, हे नानांनाही आठवत नाही. पण उडवणार कसं?

ऐकतात का? तर हो, पहिले पंधरा सेकंद. फाइल चालतेय याची खात्री झाली की पुढची. गेल्या तीन वर्षांत नानांनी एखादी चीज समेपर्यंत ऐकल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. गाडीसाठी त्यांनी हजारो गाण्यांचा पेनड्राइव्ह भरलाय, पण त्यांचा स्टिरिओ विसराळू आहे: गाडी बंद केली की पुन्हा पहिल्यापासून. घर ते स्टेशन म्हणजे तीन गाणी. वहिनींना विचारा, त्या सांगतील, "यांच्याकडे तीन गाणी आहेत." जावयानं दिवाळीला कारवाँ आणला, तो २०१७ पासून मिळणारा, ५,००० गाणी आत भरलेला रेडिओसारखा डबा. नाना दुखावले. जावई निघून गेल्यावर छापील पुस्तिका घेऊन एकेक गाण्यावर टिकल्या मारत बसले. वहिनी मात्र तो स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि त्या घरात बऱ्याच वर्षांनी गाणी पुरी वाजायला लागली.

कायदा नानांना तोंडपाठ आहे, सोयीचा तेवढा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे ६० वर्षं चालतो, मोजणी प्रकाशनाच्या पुढल्या जानेवारीपासून. म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री बाकीची सोसायटी केक कापते तेव्हा नाना बारा वाजून एक मिनिटानं जाहीर करतात, "यंदा पासष्ट सुटलं!" म्हणजे १९६५ च्या रेकॉर्डी. वकील पुतण्यानं एकदा त्या आनंदात मिठाचा खडा टाकला: "काका, मुद्रण सुटलं. शब्द आणि चाल नाही. ते कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत थांबा."

"तोवर मी असेन का रे?"

"डिस्क असेल, काका."

डिस्कचंही एक शास्त्र आहे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, एक घराबाहेर. नानांची घराबाहेरची प्रत सांगलीला बहिणीकडे असते आणि भाऊबीजेला बदलली जाते. ओवाळून झालं की ताटात साडी, वर हार्डडिस्क. ताई जुनी परत देतात. एका वर्षी परत आलेल्या डिस्कवर भाच्यानं कोरियन मालिका भरल्या होत्या. नानांनी त्याही पुसल्या नाहीत. 'परदेशी' असं फोल्डर केलं.

इतकं सगळं हसून झाल्यावर एक प्रसंग सांगायलाच हवा, नाहीतर नानांवर अन्याय होईल. ताईंच्या ओळखीच्या एक बाई होत्या. त्यांची आई आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर कधीमधी गायची. आई गेली, घरात आवाज कुठेच नाही, ॲपवर असायचा प्रश्नच नाही. नानांनी निरोप ऐकला, 'बघणे' उघडलं, मग 'हे बघणे', आणि तीन दिवस जेवणाला उठण्यापुरतेच उठले. निघालं. सात मिनिटांचा भीमपलास, निवेदिकेनं घेतलेल्या नावासकट, अधूनमधून खरखर. बाईंनी फोनवर ऐकला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग संकोचून विचारलं, मधे कुणीतरी "दूध उतू गेलं" म्हणून ओरडतंय, ते काढता येईल का?

"येईल," नाना म्हणाले. "पण मी काढत नाही. मूळ आहे."

बाईंनी ते तसंच नेलं. त्या रात्री नानांनी तो भीमपलास स्वतः शेवटपर्यंत ऐकला, असं वहिनी सांगतात. नाना म्हणतात, खरखर तपासत होतो.

अलीकडे ते पुन्हा एका ॲपचे सभासद झालेत. तीन महिने फुकट आहेत आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशीचा गजर फोनमध्ये लावून ठेवलाय. आता ते काही उतरवून घेत नाहीत. फक्त शोधतात. नाट्यपद टाकायचं, एंटर, आणि वाट बघायची. 'काहीही सापडलं नाही' असं आलं, की तो स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर येतो, बहुधा रात्री साडेअकराला. काल सात आले.