झाडवाले नाना

झाडवाले नाना कुणाच्याही दारात उभे राहिले की नमस्काराच्या आधी त्यांची मान वर जाते. आपण "या, या" म्हणत असतो आणि ते आपल्या डोक्यावरून तिसऱ्या मजल्याच्या आसपास कुठंतरी बघत "हं... हं..." करत असतात. मग नजर सावकाश खोडावरून खाली उतरते, मुळांपाशी थबकते आणि अखेर आपल्यापर्यंत पोचते. "हा नारळ असा कधीपासून आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आपली तब्येत त्यानंतर, तीही आठवली तर. लग्नात सगळे नवरीकडे बघत असतात तेव्हा नाना कार्यालयाच्या आवारातल्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीखाली किती खुर्च्या मांडल्यात ते मोजत असतात. वैकुंठ स्मशानभूमीत सगळ्या माना खाली असतात, एक वर असते. मयताच्या जवळच्यांना वाटतं, नाना आभाळाकडे बघून डोळ्यांतलं पाणी थोपवतायत.

मुक्काम पुणे, हद्द सहकारनगर ते कोथरूड. लोक या धंद्याला 'झाडकटिंग' म्हणतात. नाना 'वृक्षसेवा' म्हणतात आणि कार्डावर तसंच छापलंय : छाटणी, औषधफवारणी, बांडगूळ काढणे, नारळ उतरवणे. भांडवल म्हणजे लाकूड कापायचं एक मशीन, दोन करवती, चार कोयते, एक जाडजूड नाडा आणि झाडावर चढणारे दोन गडी. फांद्या वाहायला छोटा हत्ती, तोही भाड्याचा. ऑफिस स्कूटरच्या डिकीत.

या धंद्याची मूळ अडचण अशी, की आपल्याला हे काम करून घ्यायचंय हे गिऱ्हाईकाला माहीतच नसतं. दात दुखला की माणूस दाताच्या डॉक्टरकडे पळतो, नळ गळला की प्लंबरला फोन लावतो. झाड बिचारं दुखतंय म्हणून सांगत नाही, आणि गळायला लागलं तर लोक पानगळ म्हणून सोडून देतात. त्यात नानांना एक बलाढ्य प्रतिस्पर्धी आहे : अग्निशमन दल. रस्त्यावर आडवं झालेलं झाड ते येऊन कापतात, बाजूला करतात आणि बिल न देता निघून जातात. आमच्या सोसायटीचे चेअरमन हिशेबाला पक्के. "नाना, पडायच्या आधी तुम्हाला पैसे द्यायचे आणि पडल्यावर सगळं फुकट? मग पडू द्या की!" या युक्तिवादावर नानांना आजवर उत्तर सापडलेलं नाही. प्रत्येक वेळी ते नुसतं वर बघतात.

अशा धंद्यावर २०२० साल येऊन आदळलं. झाडकटिंगचा सीझन मार्च ते मे. पाऊस लागायच्या आत जड फांद्या हलक्या करून घ्यायच्या आणि त्या तीन महिन्यांच्या कमाईवर पुढचे बरेचसे महिने ढकलायचे. २५ मार्चला देश बंद झाला आणि तो सीझन तसाच्या तसा गेला. दोन्ही गडी गावाला अडकले. पुढे थोडी मोकळीक मिळाली तोवर लोकांनी खर्चाच्या वह्या काढून त्यांवर फुल्या मारायला सुरुवात केली होती. पहिली फुली माळीबुवांवर आणि दुसरी नानांवर. ऑगस्टअखेर सरकारी आकडा आला : एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटलं. नानांनी ती बातमी आमच्या फाटकाशी उभं राहून दोनदा वाचली. "बघा राव, देशाची वाढ उणे चोवीस. आणि हे तुमचं सुबाभूळ बघा, जूनपासून पार टाकीला लागलंय! ह्याला मंदीचं कुणी सांगितलंच नाही."

गिऱ्हाईक शोधायचे नानांचे मार्ग मला आधी विनोदी वाटत. मग कळलं की ते मनापासूनचे आहेत, तेव्हा आणखीच विनोदी वाटायला लागले. पेपरात हँडबिलं घालायची त्यांची जुनी रीत, पण पेपरच घरोघर येईनासे झाले. मग नाना व्हॉट्सॲपवर आले. पहाटे इतर लोक गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवत, नाना 'शुभ सकाळ' लिहून खाली पोकळ खोडाचा फोटो टाकत. एके दिवशी खोडकिड्यानं पोखरलेल्या आंब्याचा क्लोजअप आला, भुश्यासकट. ऐन चहाच्या वेळी. तीन जण ग्रुप सोडून गेले आणि चौथ्यानं नानांना विचारलं, "हे आमच्याच आंब्याचं आहे का हो?" नाना म्हणाले, "तुमचं नाही, पण होईल." ते गिऱ्हाईक मिळालं.

एक गोष्ट मात्र ते त्या वर्षी शिकले. माझ्या मते मंदीवर लिहिणाऱ्या विद्वानांनाही ती ठाऊक नसावी. वृक्षप्रेमी हे सर्वांत वाईट गिऱ्हाईक. ते झाडाखाली उभे राहून गहिवरतात, नानांचा हात हातात घेतात, 'तुम्ही फार मोठं काम करताय' म्हणतात आणि घरात जातात. पैसे देतो तो गाडीवाला. झाडाच्या जिवासाठी पाचशे रुपये काढताना ज्याचा हात थरथरतो, तो माणूस बॉनेटवरच्या पाखरांच्या शिटेपायी लगेच पाकीट उघडतो. नानांनी आपली भाषाच बदलली. पूर्वी ते म्हणायचे, "फांदीवर फार भार आलाय हो, झाड एका बाजूला कललंय." आता म्हणतात, "गाडी नवीन दिसतीय." मग वर बघतात. मग गाडीकडे बघतात. मग पुन्हा वर. तोंडानं काही बोलायचं नाही. मालकाची मान आपोआप त्यांच्या मानेमागं वर-खाली होते, आणि तिसऱ्या फेरीला तो विचारतो, "किती होतील?"

गाडीखालोखाल छतावरचा सोलर. पुण्यात सोलरच्या बंबावर सावली पडली की मोठमोठ्या निसर्गप्रेमींची मतं बदलतात. आणि त्या वर्षी तिसरं एक गिऱ्हाईक नव्यानं उगवलं : घरून काम करणारे. दहा-दहा वर्षं ज्या खिडकीतून त्यांनी बाहेर पाहिलं नव्हतं तिच्यासमोर त्यांना दिवसभर बसावं लागलं, आणि तिथं एक झाड आहे असा शोध लागला. लगेच तक्रारी सुरू झाल्या. कावळा मीटिंगमध्ये ओरडतो. सप्तपर्णीच्या फुलांनी डोकं चढतं. आणि सगळ्यांत लोकप्रिय तक्रार म्हणजे झाडामुळे रेंज येत नाही. अशी तक्रार करणाऱ्या एकाला स्वयंपाकघरातही रेंज येत नव्हती आणि तिथं झाड नव्हतं, पण नानांनी वाद घातला नाही. "बघू की, दोन फांद्या हलक्या करून बघू." रेंज आली नाही. ऊन मात्र आलं, आणि महिन्याभरानं त्याच माणसानं पडदे लावून घेतले.

एकाच झाडाला तीन मजले असले की खरी मजा. तळमजल्याला आडोसा हवा, दुसऱ्याला ऊन हवं, तिसऱ्याच्या बाईंना फांदीवरचं घरटं हवं. आमच्या मागच्या इमारतीत तर एका सोनमोहरावरून तिन्ही मजल्यांचं बोलणं बंद झालं होतं आणि फक्त नाना तिघांशी बोलत. त्यांनी तिघांकडून थोडे थोडे पैसे घेतले, झाडाची मधली नुसती दाट वाळकी जाळी काढली, आणि प्रत्येकाला जाऊन सांगितलं, "तुमच्याच म्हणण्याप्रमाणे केलंय." तिघंही खूश. अजूनही बोलत नाहीत.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. किनाऱ्यावर श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळींचं त्यानं जे केलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पुण्यातही झाडं कोसळली आणि फोन सगळे अग्निशमन दलाला गेले. नाना रेनकोट घालून नुसते फिरत होते. एका वडाची मोडून लोंबकळणारी मोठी फांदी त्यांना दिसली. झाडाच्या मालकाला विचारून त्यांनी ती उतरवली आणि घरी आणून ठेवली. वहिनी म्हणाल्या, "आता घरात हेच राहिलं होतं." पण नानांच्या डोक्यात तिथी होती. ५ तारखेला वटपौर्णिमा, बायकांना वडापाशी गर्दी करायची सोय नाही, आणि घरी पुजायला फांदी हवी म्हणून धडधाकट वड ओरबाडायची आपल्याकडे रीतच आहे. नानांनी त्या मोडक्या फांदीचे डहाळे केले आणि घरोघरी फुकट वाटले. प्रत्येक डहाळ्याला सुतानं बांधलेलं कार्ड. "सात जन्मांची गॅरंटी नवऱ्याची," ते सांगत, "झाडाची आपण वर्षाचीच देतो." आजवर छापलेल्या सगळ्या हँडबिलांनी मिळून जेवढं काम दिलं नसेल तेवढं त्या डहाळ्यांनी दिलं.

पण नाना श्रीमंत होणार नाहीत. वादळानंतरच्या आठवड्यात घाबरलेले लोक फोन करून "सगळी झाडं काढून टाका" म्हणत होते. दुसऱ्या कुणी हात धुऊन घेतले असते. नाना प्रत्येक ठिकाणी गेले, खोडावर लाकडी ठोकळ्यानं ठकठक करून कान लावला, मुळांभोवतीची माती उकरली, आणि दहातल्या सातांना सांगून आले, "ह्याला काही झालेलं नाही. चहा मात्र घेतो." एका निवृत्त साहेबांना आंबा पार बोडका करून हवा होता. नानांनी त्यांना पाऊण तास उभं केलं. "साहेब, पानंच नाहीत तर झाड जेवणार कशानं? घाबरून ते कुठूनही धुमारे काढणार. ते वरवर धरलेले असतात. चार वर्षांत जाड होतात आणि मग तेच तुमच्या डोक्यावर येतात. फांदी काढायची तर खोडाला मिळते तिथला फुगवटा ठेवून, आणि आधी खालून काप द्यायचा, मग वरून, म्हणजे साल सोलत नाही." साहेबांना आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करायची सवय. त्यांनी दुसरा माणूस बोलावला. तो अर्ध्या तासात आंब्याचा खांब करून गेला. तेव्हापासून त्या गल्लीतून जाताना नानांची मान आयुष्यात पहिल्यांदा खाली असते.

परवानगीचा विषय निघाला की नाना आणखी गिऱ्हाईकं घालवतात. झाडांच्या संरक्षणाचा कायदा राज्यात १९७५ पासून आहे, फांद्या छाटायच्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो, माणूस पाहणीला येतो. "रविवारी सकाळी गुपचूप उरकू," असं म्हणणाऱ्याला नाना स्वतःच अर्जाचा नमुना काढून देतात. पुढे २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांवरच्या झाडाला हेरिटेजचा मान मिळाला. त्या संध्याकाळी अठ्ठावन्न वर्षांच्या नानांनी वहिनींना सांगितलं, "आता मला दळण आणायला पाठवायचं तर वृक्ष प्राधिकरणाला विचार."

हक्काचं एक काम मंदीतही चालू राहिलं : भिंतीतला पिंपळ. ड्रेनेजच्या पाइपापाशी पाखरानं टाकलेल्या बीचं रोप येतं, मुळं भिंतीत शिरतात, खालच्या घरात ओल येते, आणि कमिटीतलं एकही माणूस त्याला हात लावायला तयार नसतं. मुंजा असतो म्हणे. मग नानांना बोलावणं. ते नारळ फोडतात, रोपाची माफी मागतात, मुळासकट काढतात आणि शक्य असलं तर डब्यात लावून टेकडीवर नेतात. एकदा खजिनदारांनी चाचरत विचारलं, "नाना, पाप लागलं तर ते... म्हणजे सोसायटीला की..." नाना म्हणाले, "ते माझ्याकडं. त्याचे वेगळे लावत नाही. नारळाचे तेवढे द्या."

२०२० च्याच पावसाळ्यात मशीनच्या कर्जाचे हप्ते थकले तेव्हा नाना बँकेत गेले. मीही माझ्या कामासाठी रांगेत होतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, ती मॅनेजरसाहेब मास्कमधून समजावून सांगत होते. "हप्ता आत्ता भरू नका, नाना. फक्त व्याज थांबत नाही, ते चालू राहतं." नानांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष साहेबांच्या मागच्या खिडकीत होतं. तिथं एक गुलमोहर, त्याची एक वाळकी फांदी, आणि फांदीखाली पांढरी गाडी.

"गाडी साहेबांचीच का?" नानांनी विचारलं.

साहेबांनी मागं वळून पाहिलं. वर पाहिलं. गाडीकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं.

रीतसर परवानगी आली आणि पुढच्या आठवड्यात ती फांदी निघाली. नाना बिल घेऊन आत गेले. साहेब म्हणाले, "नाना, मंदी आहे, जरा सांभाळून घ्या."

"घेतो की," नाना म्हणाले, "तुम्हीही आत्ता भरू नका. फक्त व्याज चालू राहील."