समोर नऊच दिवे

"काकू, मोजले का आज? समोरच्या टॉवरला नऊच दिवे."

"40 मजल्यांत नऊ? अगं सुमन, तिथे गिरणी होती तेव्हा तिसऱ्या पाळीलासुद्धा खिडक्या लख्ख असायच्या."

"मग फ्लॅट खपत नाहीत तर भाव का उतरत नाही? मेथी बघा, संध्याकाळी अर्ध्या भावात मिळते."

"मेथी सुकते. फ्लॅट सुकतो का? आणि खपलेत गं ते, राहायला कोणी येत नाही एवढंच. माझी जाऊ जाते ना साफसफाईला. एकाचा मालक दुबईला, सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. लाकूड फुगू नये म्हणून ही बापडी तासभर एसी लावून बसते."

"नशीब तिचं!"

"आणि घर बायकोच्या नावावर. प्रेम नव्हे हं. मुंबईत पुरुषाला मुद्रांक शुल्क 6 टक्के, बाईला 5. 50 कोटींच्या घरावर किती वाचले?"

"50 लाख! अहो, तेवढ्यात आमचं बदलापूरला घर होईल."

"2023 च्या मार्चमध्ये तर ह्यांना रजिस्ट्रेशनच्या कचेरीबाहेर टायपिंग करताना डबा खायला फुरसत नव्हती. शेअर विकून आलेले सगळे पैसे घरात घातले की नफ्यावरचा कर माफ व्हायचा. 1 एप्रिलपासून त्याला 10 कोटींची मर्यादा आली. राहायचं कोणाला होतं? पैसा ठेवायला जागा हवी होती."

"पण मग आपल्यासाठी का नाही बांधत कोणी? गिऱ्हाइकं तर आपणच जास्त."

"गरज आपल्याला, ऐपत त्यांना. बिल्डर ऐपत बघतो. जमिनीलाच एवढा पैसा गेल्यावर तो छोटी घरं कशाला काढेल? सरकारच्या लेखी परवडणारं घर म्हणजे 45 लाखांच्या आतलं. परळात तेवढ्यात न्हाणीघर येईल, तेही बिननळाचं. खरी चूक आधीच झाली. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: महापालिका, म्हाडा, मालक. 2001 साली नियम फिरवला, वाटायची ती फक्त मोकळी जमीन. गिरणी उभी होती ती जागा मालकाचीच. गिरण्यांच्या संपात नोकरी गेली तेव्हा सासरे रडले नाहीत, ते वाचून रडले."

"...काकू, दहावा लागला बघा! वरून तिसरा. आला वाटतं दुबईवाला."

"कसला दुबईवाला! जाऊबाई गेल्यात एसी लावायला."