भाच्याचं पान

आमच्या अन् काकूंच्या अंगणामध्ये तुराट्यांची ताटी आहे. ताटी नावापुरतीच. तिच्यातून विरजण जातं, साखरेची वाटी जाते, आणि शेलूबाजारातली बातमी तर अडतच नाही. काकू पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सोल्याच्या आमटीचा बेत होता.

"सूनबाई, तुह्यं पोट्टं त्या विकिपीडियावर लिहिते म्हंतात. खरं हाये काय?"

"लिहिते न काकू. सुट्टीत रात-रात तेच करून रायते."

"मंग माह्या भाच्याचं एक पान टाक म्हणा. इथूनच समृद्धीवर चढून मुंबईले गेलता ना बापा थो! डान्सच्या शोमध्ये चार हप्ते टिकला."

"असं कोणाचंबी टाकता येत नाही म्हंते थो. आधी पाह्यतात, माणूस पानाच्या लायक हाये का नाही."

"काहून? त्या शिव ठाकरेचं हाये, मंग माह्या भाच्यानं काय घोडं मारलं?"

"शिव ठाकरेचं पहा न. अमरावतीचा पोरगा. २०१७ मध्ये रोडीजमध्ये गेला, २०१९ मध्ये मराठी बिग बॉस जिंकला. मंग हिंदीच्या सोळाव्या सीझनमध्ये पुण्याचा एमसी स्टॅन पहिला, हा दुसरा. पुढं खतरों के खिलाडी, झलक. एक शो सरला तरी लोकं त्याच्यावर लिहीतच रायले. पानात भराले माल पाहिजे ना!"

"अन् अंजनगाव सुर्जीची बबिता ताडे? शाळेत खिचडी शिजवे, महिन्याचे १,५०० रुपये. त्याच २०१९ मध्ये करोडपतीत एक कोटी जिंकली. माह्या नजरेत थे लय मोठी. भांडणं करून नाही, डोक्सं लावून जिंकली."

"मोठी हायेच. पण पोट्टं म्हंते, तिथं मोठेपण नाही मोजत. ज्याचं नाव एकाच घटनेनं झालं, त्याची गोष्ट त्या घटनेच्या पानावर सांगायची, म्हंजे इथं करोडपतीच्या. येगळं पान केव्हा, तर पुढं काही लिहाजोगं असलं तर."

"मले नाही पटलं." काकूंनी शेंग कचकन मोडली. "कोणी जिममध्ये गेलं तरी फोटो छापतात, अन् खिचडीवाल्या बाईचं पुढं काय झालं, हे पाहाले कितीक जण जातात? पेपरानं पाठ फिरवली की तुमचं पानबी गेलं!"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम छापून आलेल्यावर चालतो, आणि छापणारे टीव्हीच्या मागं धावतात. मी आपली नियमाचीच बाजू पुढं रेटली.

"तेबी कोणी लिहिलं थे पाह्यतात काकू. च्यानेलनं आपल्याच स्पर्धकाचं कौतुक केलं तर चालत नाही. त्यानं मुलाखतीत सोताच सोताबद्दल सांगितलं, थेबी नाही. इन्स्टाचे फॉलोअर तर कोणी मोजतच नाही. ज्याचं काही देणंघेणं नाही अशा माणसानं लिहिलेलं पाहिजे, अन् चांगलं सविस्तर."

"म्हंजे सोयरिकीवानीच हाये व माय! पोराच्या मामाले इचारलं त पोरगा सुपारीबी खात नाही. म्हणून मी मामाले इचारतच नाही. सिद्धी पानठेल्यावर चौकशी करते."

"तेच!"

"पण हे ठरवते कोण?"

"पहिले वाईच्या विश्वकोशात तर्कतीर्थ अन् त्याईचे संपादक ठरवत. विकिपीडियावर कोणीबी लिहू शकते, म्हणून भांडून ठरवा लागते. इंग्रजी विकिपीडियावर तर पान नॉमिनेट करतात, अन् सात दिवस चर्चा चालते."

"नॉमिनेट?" काकूंचे हात थांबले. "बिग बॉससारखं? मंग सारं शेलूबाजार व्होट मारीन ना!"

"तिथं डोकी नाही मोजत. शंभर जणांनी 'ठेवा' म्हटलं अन् एकानंबी पुरावा नाही देला, तर पान उडते."

"मंग सूरज चव्हाण कसा? थो त लोकाइच्या व्होटावरच निवडून आला."

"ट्रॉफी व्होटावर भेटली. २०२४ चा सीझन, बारामतीकडल्या मोढव्याचं पोरगं. पण पानाले दम आला त्याच्यावर जे छापून आलं त्यानं. केदार शिंदेनं २०२५ मध्ये त्याले घेऊन 'झापुक झुपुक' काढला, त्याच्यावरबी लोकाइनं लिहिलंच."

काकूंनी सोले सुपात घोळवले, थोडा विचार केला.

"बरं. मंगरूळच्या एका पेपरवाल्याशी आपली ओळख हाये. थो लिहीन दोन रकाने."

"काकू, ओळखीनं लिहिलं म्हंजे पुन्हा मामाच बोलला ना!"

"मंग जाऊ दे. तसंबी चार हप्ते कसा टिकला, थे मले ठाऊक हाये. माह्या बहिणीनं गल्लीतले सारे मोबाईल गोळा केलते व्होटासाठी. माह्याबी फोनवरून मारले. मले त त्याचा नाच पूर्ण पाहाले भेटला नाही, फोनच हाती नोयता!"

"हे मात्र लिहाजोगं हाये. सांगू काय पोट्ट्याले?"

"हट्! नोको सांगू बापा. माह्या बहिणीनं वाचलं, त दिवाळीले मले घरात घेणार नाही."