हराळीबाईंस अनावृत पत्र

प्रति,
सौ. हराळीबाई ऊर्फ दूर्वा,
मु. पो. अंगण, बांध, फरशीची फट व इतरत्र,
ता. शिरूर (तसेच दौंड), जि. पुणे.

विषय : आपली वाढ व आमचे मशीन.

महोदया,

'सौ.' लावलं ते अंदाजानं. आपला गोतावळा पाहता आपण एकट्या असाल असं वाटत नाही.

मी शिरूरचा रहिवासी. जुनी माणसं अजून 'घोडनदी' म्हणतात, त्या गावाच्या कडेला साडेतीन गुंठ्यांत घर बांधून राहतो. बँकेतली नोकरी संपल्यावर बांधकाम केलं, आणि उरलेल्या जागेत भेंडी-गवार लावावी असं सौभाग्यवतींचं म्हणणं असताना मी लॉन लावलं. चूक माझी आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो. सोलापूर रोडला सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत हिरव्यागार गवताचे चौकोन गालिच्यासारखे रचून ठेवलेले दिसले आणि डोकं फिरलं. 'मेक्सिकन' म्हणून सांगितलं. दोन ब्रास लाल माती आणली, त्यात शेणखत मिसळलं, त्यावर ते परदेशी चौकोन फरशी बसवावी तसे बसवले. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. शेजारच्या नानांनी कुंपणावरून पाहिलं आणि विचारलं, "याला कणसं कधी येतात?"

आपण तेव्हा कुठे होतात? बहुधा कुंपणाच्या मुळाशी, हसत. पहिल्या पावसात एक धागा लालसर फरशीवरून आत आला. मी कौतुकानं पाहिलं. दुसऱ्या पावसात प्रत्येक पेराला मुळं फुटलेली होती. श्रावणात मेक्सिको संपलं होतं. चौकोनांची रेघसुद्धा शिल्लक नव्हती. मी खुरपं घेऊन बसलो, तेव्हा नाना पुन्हा कुंपणावर. म्हणाले, "हराळी तोडली की एकीच्या दहा होतात. ती वरून धावते, खालूनही धावते." आपल्या वंशाची ही माहिती मला पुस्तकात नंतर मिळाली. जमिनीवरचं रांगतं खोड वेगळं, जमिनीतलं वेगळं, आणि दोन्हींचा प्रत्येक तुकडा म्हणजे नवा संसार. म्हणजे मी दोन तास बसून आपली लागवडच करत होतो.

सगळ्यात लागलं ते पुढं. ज्या नर्सरीवाल्याकडे तक्रार घेऊन गेलो, त्यानं दुसरे चौकोन दाखवले. "हे घ्या साहेब, दणकट आहे. बर्म्युडा." मी खाली वाकून पेर पाहिलं. बाई, ते आपणच होतात! गोल्फच्या मैदानावर, क्रिकेटच्या आउटफील्डवर जगभर आपण या नावानं मिरवता आणि चौरस फुटावर विकल्या जाता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिरूरला उपटून फेकतात, ती सोरतापवाडीला पैसे मोजून घ्यायची. मी तसाच परत आलो. फुकट मिळालं आहे ते कापून नीट ठेवू, असं ठरवलं. इथून मशीनचं प्रकरण सुरू होतं.

आमचं मशीन जुनं आहे. पुण्याच्या एका सोसायटीनं काढून टाकलेलं, चार चाकांचं, पेट्रोलचं, दोरी ओढून चालू करायचं. पहिल्या दिवशी सहाव्या ओढीला चालू झालं आणि माझ्या आनंदात शेजारच्या कुत्र्यांनी भाग घेतला. पुढं अठरा ओढी वाया जाऊ लागल्या. खांदा दुखतो, ओढीमागे एक शिवी जाते, एकोणिसाव्या ओढीला ते खोकतं, काळा धूर सोडतं आणि चालतं. तीन पावलं. मग आवाज खाली जाऊ लागतो, घाटात मालगाडीच्या इंजिनाचा जावा तसा. चौथ्या पावलाला बंद.

कारण पोटात असतं. प्लगची वायर आधी काढून ठेवावी (एकदा न काढता हात घातला होता, बोटं अजून दहा आहेत ती नशिबानं) आणि मग मशीन आडवं करून पाहावं. पत्र्याच्या आत ओलं गवत गोवरी थापावी तसं थापलेलं असतं, हिरवं, गरम, उग्र वासाचं. ते मी स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं खरवडतो. उलथन्यावरून घरात झालेला संवाद या पत्रात देण्यासारखा नाही. पात्याभोवती आपल्या रांगत्या खोडाचा दोर गुंडाळलेला असतो. तो सुरीनं कापावा लागतो. कापलेले तुकडे हातातून खाली पडतात. ते पुढं काय करतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

बरं, पाऊस किती? आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो. सह्याद्री सगळं तिकडेच पिळून घेतो आणि इकडे शिरूर-दौंडला उरलंसुरलं, पाचशेच्या आसपास. 2023 साली सरकारनं ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्या यादीत आमचे दोन्ही तालुके होते. त्या वर्षी नाना गाईसाठी कडबा शोधत तीन गावं फिरले आणि ऊस तोडून खायला घातला. मी तेव्हा लॉनला टँकरचं पाणी देत होतो. नाना काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मेक्सिकन मंडळींची शेवटची मुळं त्या उन्हाळ्यात गेली आणि जागा पूर्ण आपली झाली. आपण मात्र वाळून, तांबूस होऊन, मेल्याचं सोंग करून पडून होतात. पुढच्या जूनमध्ये दोन वळीव पडले आणि आठ दिवसांत उभ्या.

गेल्या महिन्यात मशीन पुरतं रुसलं. शिरूरच्या दोन मिस्त्रींनी हात जोडले. कुणी म्हणालं, दौंडला स्टेशनजवळ एक जण आहे, फवारणी पंपापासून उसाच्या रसाच्या इंजिनापर्यंत काहीही उघडतो. मशीन छोट्या टेम्पोत टाकलं आणि निघालो. न्हावऱ्याच्या पुढं वाट थोडी वाकडी करून इनामगावला थांबलो, कारण टेम्पोवाल्याला चहा हवा होता आणि मला ती टेकाडं पाहायची होती. घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून पुढं कितीतरी वर्षं इथं खोदलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. सातू पिकवणारं, पाटानं पाणी आणणारं. मग हवामान कोरडं झालं, शेती आटली आणि शेवटच्या काळात तीच माणसं चौकोनी घरं सोडून छोट्या गोल झोपड्यांत राहू लागली, मेंढ्या-बकऱ्यांवर जगू लागली, असं ढवळीकरांचं म्हणणं. मी टेकाडावर उभा राहिलो. खाली मातीतून आपण डोकावत होतात. तेव्हाही इथं असणारच. त्या माणसांकडे दगडाची पाती होती आणि त्यांनी ती आपल्यावर चालवली असतील, पण बकऱ्यांना घालायला. लॉन नीट दिसावं म्हणून कुणी चालवली असतील असं वाटत नाही. टेम्पोवाला म्हणाला, "काका, चला, उन्हाचं मशीन तापतंय."

दौंडच्या मिस्त्रीनं पाच मिनिटांत कार्बोरेटर काढला, तोंडानं फुंकला, जाळी ब्रशनं घासली, पातं काढून कानस फिरवली. मग पात्याला बोट लावून म्हणाला, "साहेब, मशीन वाईट नाही. याला मऊ गवताची सवय आहे. आपलं गवत भाकरीवर वाढलेलं." मला हे फार पटलं. गवत कापायचं पहिलं यंत्र 1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसानं बनवलं, आणि त्याला ते सुचलं कापडाच्या गिरणीतल्या यंत्रावरून. लोकरी कापडाचे वर आलेले तंतू सारखे कातरणारं यंत्र होतं ते. म्हणजे या घराण्याला मुळात मऊ लोकरच ठाऊक. त्याच्यापुढं आपण म्हणजे धनगराची घोंगडी.

धनगरांवरून आठवलं. दौंडहून परत येताना रस्त्यावर दोनशेक मेंढरांचा कळप आडवा आला. मी खाली उतरून विचारलं, माझ्याकडे एक रात्र बसवता का? शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात आणि त्याचे पैसे देतात, हे मला ठाऊक होतं. "किती रान?" त्यानं विचारलं. दीड गुंठा, म्हणालो. तो हसलाच नाही. सभ्य माणूस. म्हणाला, "ती तर नुसतं पाणी पिऊन निघून जातील."

एक अन्याय मात्र नोंदवतो. आपल्या बाजूनं. काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर छातीएवढं वाढतं. भारतात त्याची नोंद पुण्यातच झाली, 1950च्या दशकात. परदेशी गव्हाबरोबर आलं असं लोक सांगतात. त्याला गाय तोंड लावत नाही, माणसाच्या अंगाला खाज सुटते, दमा उठतो. त्यासाठी 1980च्या दशकात मेक्सिकोतून भुंगेरे आणून बंगळुरूला सोडले होते. सरकारं बदलली, पक्ष फुटले, जोडले, पुन्हा फुटले, पण गवताचं नाव काही बदललं नाही. त्याच्यावर कुणी मशीन चालवत नाही. मीही नाही. माझं पेट्रोल आपल्यावर, जिला नानांची गाय हंबरून मागते.

आता मूळ मुद्दा. परवा चतुर्थी. मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुरुस्त मशीन बाहेर काढलं. चौथ्या ओढीला चालू झालं! दीड गुंठा एका दमात कापला. इतकं सारखं, इतकं बुटकं, की रस्त्यावरून जाणारा एक जण थांबून पाहू लागला. कापलेल्या गवताची दोन पोती नानांच्या गोठ्यात नेऊन टाकली. नानांनी एक मूठ हुंगली, म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय," आणि गाईपुढं ठेवली. गाईनं हुंगली, मान फिरवली.

सकाळी सौभाग्यवती पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या. एकवीस दूर्वा हव्या होत्या, तीन पानांच्या, कोवळ्या. अनलासुर गिळल्यावर गणपतीच्या पोटातली आग आपण विझवली, ही गोष्ट मला त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितली होती आणि तेव्हापासून अंगणातल्याच दूर्वा असा घरचा नियम आहे. त्यांनी लॉनवर एक नजर टाकली. सगळ्या शेंड्यांची टोकं सपाट कापलेली. एकही अख्खं पान नाही. ताट खाली ठेवलं आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

रांजणगावला गेलो. महागणपतीच्या दारात ओळीनं टोपल्या. एका आजीकडून जुडी घेतली, दहा रुपये. वर तिनं सांगितलं, "बघ, एकेक खुडलेली आहे. मशीनची नाही." मी विचारलं, कुठून आणता? तिनं हातानं सगळीकडे दाखवलं, शेताकडे, रस्त्याकडे, एमआयडीसीच्या भिंतीकडे.

घरी येताना मोटारसायकलच्या हँडलला आपण लटकत होतात.

आपला,
एक लॉनधारक, शिरूर (घोडनदी)

ता. क. : काल रात्री पुन्हा पाऊस झाला. सकाळी फरशीच्या फटीत दोन नवीन शेंडे दिसले. घरात कळवलं आहे. मशीनवर ताडपत्री टाकली आहे.